फॉर्मवर ‘बिझनेस’ लिहिणाऱ्या गलाईवाल्यांसाठी

सोन्याचा बाजार आहे तिथं सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीचा माणूस असतोच. कुठल्याही शहरात सराफ पेठेच्या मागच्या बोळात शिरा. तेजाबाचा (नायट्रिक अ‍ॅसिडचा) वास आला की समजायचं, आपलं कुणीतरी इथं आहे. ‘सोनं-चांदी गलाई’ (म्हणजे वितळवून शुद्ध करणं) अशी स्थानिक भाषेतली पाटी, आत भट्टी, आणि भट्टीपाशी बनियनवर बसलेला कुणी पाटील, जाधव नाहीतर शिंदे. दुष्काळानं गावाबाहेर काढलेल्या पिढ्यांनी हा धंदा उचलला आणि अख्खा तालुका त्यावर उभा राहिला. आमच्याकडची देवळं, शाळेच्या खोल्या, जत्रेतल्या कुस्त्यांची बक्षिसं यांत गलाईचा पैसा किती आहे हे कुणाला सांगायला नको. मी सतराव्या वर्षी कोईमतूरला चुलत्यांच्या दुकानात आलो. आता पस्तिशीत आहे. तमिळ घरच्यासारखं बोलतो, मराठी लिहायची सवय मात्र या ब्लॉगमुळेच टिकली आहे.

आज लिहितोय ते धंद्याचंही आहे आणि घरातलंही: भट्टीतल्या शिशाचं. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे इथं लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. बायकोला विचारून लिहितोय. ती म्हणाली, “लिहा. निदान दुसऱ्या कुणाच्या बायकोच्या पोटात नळ्या घालायच्या आधी नवऱ्याचं रक्त तरी बघतील.”

तिचं म्हणणं समजायला हवं असेल तर तिची फाईल बघावी लागेल. थायरॉइड झाला, अंडाशयात बीजं किती उरलीत हे बघायला एएमएच झाली, नळ्या मोकळ्या आहेत का हे बघायला एचएसजी झाली. त्या दिवशी ती टेबलावर कळवळत होती आणि मी बाहेर मोबाईलवर सोन्याचा भाव बघत होतो. मग महिन्याच्या ठरावीक दिवशी सोनोग्राफी, मग गोळ्या, मग इंजेक्शनं, शेवटी दुर्बिणीतून तपासणी. गावाकडे खरसुंडीच्या सिद्धनाथाला नवस झाला, रेणावीच्या रेवणसिद्धाला झाला. हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं, पण कुणाच्या ओटीभरणाला ती स्वतःच जायची टाळायला लागली. तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल आला की पुढची तपासणी, तीही तिचीच.

वीर्याची तपासणी या सगळ्यात स्वस्त. सुई नाही, भूल नाही, काही तासांत रिपोर्ट. ती सगळ्यात शेवटी झाली, तीही डॉक्टर बदलल्यावर. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनं काही ना काही कारण असतं, हे आता कुठल्याही डॉक्टरला विचारा. तरी पहिली चिठ्ठी बाईच्याच नावानं फाटते.

माझा रिपोर्ट असा होता. मिलीलिटरमागे ६० लाख शुक्राणू. पुढे सरकणारे १४ टक्के. नीट आकाराचे २ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये जी पुस्तिका काढली तिच्यात खालची रेघ १ कोटी ६० लाख, ३० टक्के आणि ४ टक्के अशी आहे. ही रेघ म्हणजे पास-नापासाची नव्हे. वर्षभराच्या आत ज्यांना दिवस राहिले अशा जोडप्यांतल्या पुरुषांचे आकडे घेतले, आणि शंभरातले तळाचे पाच जिथं येतात तिथं ती मारली आहे. म्हणजे रेघेखालचाही कुणी बाप होतो. पण मी तिच्या बराच खाली होतो.

नवा डॉक्टर माझ्याच वयाचा, पुरुषांच्याच तक्रारी बघणारा. त्यानं आधीच्या सगळ्या फॉर्मवरचा व्यवसायाचा रकाना काढला. सगळीकडे ‘बिझनेस’. आपण सगळे तेच लिहितो. गलाई लिहिलं तर समोरच्याला कळत नाही, आणि ‘बिझनेस’ लिहिलं की जरा बरं दिसतं. त्यानं विचारलं, “कसला बिझनेस?” मी म्हटलं, सोन्याचा. तो पुढे लिहायला लागला होता, थांबला. माझ्या बोटांकडे बघून म्हणाला, “तुम्ही सोनं विकता, की वितळवता?”

नायट्रिकनं पिवळी-तपकिरी झालेली बोटं विकणाऱ्याची नसतात, हे त्याच्या लक्षात आलं. मग प्रश्न सुरू झाले. पोटात मुरडा येतो का? येतो. पोट साफ होतं का? इसबगोल घेतल्याशिवाय नाही. तोंडाला धातूची चव? सकाळी असते. हिमोग्लोबिन किती? १०.८, लोहाच्या गोळ्या खाऊनही वर जात नाही. पोटाच्या तक्रारीवर मी अनेक वर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेत होतो. आमच्या लाईनीत बहुतेक सगळेच घेतात. बाहेरचं खाणं, वेळी-अवेळी जेवण, असं म्हणून सोडून देतात. डॉक्टरनं रक्तातलं शिसं आणि कॅडमियम मोजायला दिलं. त्याला रक्ताची बाटलीही वेगळी लागते. साध्या बाटलीतलेच धातूचे कण आकडा चुकवू शकतात, म्हणून धातूविरहित नळीत घेतात.

शिसं आलं ५२ मायक्रोग्रॅम, डेसिलिटरमागे. शिशाच्या कारखान्यांसाठी अमेरिकेनं १९७८ मध्ये जो नियम केला त्यात सरासरी ५० ला गेली की कामगाराला त्या कामावरून बाजूला करतात, आणि ४० च्या खाली येईपर्यंत परत घेत नाहीत. पगार मात्र चालू ठेवावा लागतो. शरीरात शिशाचं काहीच काम नाही, त्यामुळे ‘नॉर्मल’ असा आकडाच नाही, जितकं कमी तितकं बरं.

आता शिसं आमच्या दुकानात येतं कुठून, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, कारण दुकान सोन्याचं.

जुना दागिना आला तर आम्ही तो आटवतो, तिप्पट चांदी घालून रवा पाडतो, तेजाबात उकळतो. चांदी आणि तांबं तेजाबात उतरतं, तळाला सोन्याची तपकिरी भुकटी राहते. तेजाबातली चांदी तांब्याच्या पट्टीवर परत खाली बसते. हा भाग लाल धुराचा, खोकल्याचा, पण शिशाचा नव्हे. शिसं लागतं ते कारागिरांच्या कचऱ्याला. कोईमतुरात आसारींची (तमिळ सोनारांची) आणि बंगाली कारागिरांची दुकानं शेकड्यानं आहेत. त्यांच्याकडची झाडलोट, पायपुसणी, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, कानशीचा चुरा, पॉलिशचे बोळे, हे सगळं पोत्यानं आमच्याकडे येतं. ते जाळायचं, राख कुटायची, चाळायची आणि शिसं घालून भट्टीत वितळवायचं. वितळलेलं शिसं राखेतलं सोनं-चांदी स्वतःकडे ओढून घेतं. मग त्या शिशाच्या गोळ्यावर हाडाच्या राखेच्या नाहीतर सिमेंटच्या वाटीत फुंकर मारत बसायचं. शिसं जळतं, थोडं वाटीत मुरतं, थोडं पिवळ्या धुरानं वर जातं.

शेवटचा क्षण बघण्यासारखा असतो. गोळ्यावर शिशाचा पातळ पडदा तेलाच्या तवंगासारखे रंग घेऊन गरगर फिरतो, पातळ होत जातो, आणि अचानक फाटतो. खालून चांदी लख्खकन चमकते. तो क्षण चुकला तर एकतर शिसं मागे राहतं नाहीतर चांदी उगाच जळते, म्हणून कारागीर तोंड भट्टीवर आणून, डोळे बारीक करून बघतो. चांगला गलाईवाला कोण, तर ज्याला हे नेमकं कळतं तो. मला फार लवकर कळायला लागलं होतं. नाना, म्हणजे माझे चुलते, ग्राहकांना कौतुकानं सांगायचे. म्हणजे दुकानातला सगळ्यात जास्त धूर ज्याच्या नाकात जायचा, तो मी.

कॅडमियमची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. आपल्या आयांच्या बांगड्या-पाटल्यांच्या वेळचा ‘केडीएम’ हा शब्द आठवत असेल. ‘केडीएम आहे हो, घट होत नाही,’ असं सराफ अभिमानानं सांगायचा. दागिन्याचे सांधे झाळायला पूर्वी तांबं-चांदी मिसळलेली झाळ असायची, त्यामुळे वितळवल्यावर कस उतरायचा. कॅडमियम घातलेली झाळ आली आणि हा प्रश्न सुटला. साधारण ९२ भाग सोनं, ८ भाग कॅडमियम. कस का उतरत नाही, तर कॅडमियम ७६७ अंशालाच उकळतं आणि सोनं वितळायलाच १०६४ अंश लागतात. झाळ देतानाच बरंचसं उडून जातं, उरलेलं दागिना परत आटवताना उडतं. ज्या कारागिरानं तो दागिना केला त्यानं एकदा हुंगलं. हॉलमार्कच्या नियमांत कॅडमियमची झाळ बाद झाली, २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा होत गेला, नवे दागिने तसे नाहीत. पण वीस-तीस वर्षांपूर्वीचे दागिने आता मोडीत निघतायत, लेकीच्या लग्नात आईचा हार मोडला जातोय, आणि तो येतो कुणाच्या भट्टीवर? सराफाच्या काऊंटरवर ‘मजुरी शून्य, जुनं द्या नवं घ्या’ असा बोर्ड लागला की मागच्या बोळात आमचा धूर वाढतो.

कॅडमियमचं वृषणाशी वैर आहे हे जुनं शास्त्र आहे. १९५६ मध्ये चेकोस्लोव्हाकियात पारिझेक आणि झाहोर या दोघांनी उंदरांना कॅडमियमचं इंजेक्शन दिलं आणि वृषणाची पेशीरचना कोलमडताना पाहिली. रक्तातली नको ती द्रव्यं वृषणात शिरू नयेत म्हणून तिथं एक भिंत असते, कॅडमियम ती भिंतच खिळखिळी करतं. माणसाला हवेतून मिळणारा डोस उंदराच्या इंजेक्शनापेक्षा फार कमी, त्यामुळे सरळ तोच निष्कर्ष माणसाला लावता येत नाही. पण हा धातू एकदा मूत्रपिंडात बसला की निम्मा व्हायला दहा ते तीस वर्षं घेतो. माझं कॅडमियम वाढलेलं होतं, फार नव्हे. डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, सिगारेट? तंबाखूचं झाड मातीतलं कॅडमियम पानात साठवतं, त्यामुळे ओढणाऱ्याच्या रक्तात ते नेहमीच जास्त सापडतं. मी सिगारेट ओढत नाही. तंबाखू मळतो. मळायचो.

आणि इथंच शिशाची दुसरी वाट निघाली. धूर नाकातून जातो हे पोरगंही सांगेल. तळहाताचा विचार कुणी करत नाही. राख चाळलेला हात पँटीला पुसायचा, त्याच तळहातावर तंबाखू-चुना घ्यायचा, अंगठ्यानं दाबून दाबून मळायचा, थापटी मारायची आणि चिमूट ओठात. दिवसभर हेच. शिसं कातडीतून फारसं आत जात नाही, तोंडावाटे मात्र मजेत जातं. डॉक्टर तमिळ माणूस, त्याला मळण्याची पद्धत माहीत नव्हती. मी हातवारे करून दाखवली तर तो कपाळाला हात लावून हसायलाच लागला. त्याचा अंदाज होता की माझ्या रक्तातल्या शिशात या तळहाताचा वाटा धुराच्या बरोबरीचा असेल.

राहण्याचं तर बोलायलाच नको. आमची पोरं दुकानातच राहतात. खाली भट्टी, वर लाकडी माळा. माळ्यावर वळकट्या, स्टो, भाताचं पातेलं, देवाचा फोटो. रात्री भट्टी विझते पण धूळ कुठं विझते? ती वळकटीत, टॉवेलात, फोटोच्या काचेवर बसते. मी लग्नापर्यंत त्या माळ्यावर झोपलो. लग्नानंतर भाड्याचं घर घेतलं, पण अंगावरचे कपडे तेच घेऊन घरी यायचो आणि ही ते आपल्या साड्यांबरोबर धुवायची. तिचंही शिसं मोजलं. ती आयुष्यात कधी भट्टीपाशी बसलेली नाही, तरी तिचं ९ निघालं. गरोदरपणी हाडात साठलेलं शिसं रक्तात उतरतं आणि वारेतून बाळाकडे जातं, त्यामुळे ते ९ मला माझ्या ५२ पेक्षा जास्त टोचलं.

शिसं नेमकं करतं काय, हे डॉक्टरनं कागदावर चित्र काढून समजावलं होतं. शुक्राणूच्या डोक्यात बापाचा सगळा डीएनए अगदी घट्ट गुंडाळून बसवलेला असतो. ते गुंडाळणाऱ्या प्रथिनाला जस्त लागतं. शिसं जस्ताच्या जागेवर जाऊन बसतं, गुंडाळी बिघडते. शिवाय मेंदूतून वृषणाला जे हुकूम जातात त्या साखळीतही ते ढवळाढवळ करतं. त्यामुळे संख्या कमी, पळण्याची ताकद कमी, आकार वाकडा. रुमेनियात बॅटरी कारखान्याच्या कामगारांवरचा अभ्यास १९७५ मध्ये छापून आला, त्यात हे तिन्ही दोष दिसले होते. पुढे २००२ मध्ये ब्रिटन, इटली आणि बेल्जियममधल्या १० कारखान्यांतल्या ५०३ पुरुषांचा अभ्यास आला. रक्तातलं शिसं ५० च्या वर असलेल्यांत शुक्राणूंची घनता जवळपास निम्मी होती. कॉन्स्टंटाँ पॉल नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं तर १८६० मध्येच लिहून ठेवलं होतं की शिशाचं काम फक्त नवरा करत असला तरी त्याच्या बायकोचे गर्भपात जास्त होतात.

आणि आपल्याकडचंच सांगायचं तर कराडच्या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातले बॅटरी कामगार, चांदीचे कारागीर आणि स्प्रे पेंटर यांचं रक्त तपासून २००७ च्या सुमारास निबंध प्रसिद्ध केले. तिन्ही गटांत शिसं इतरांपेक्षा वाढलेलं. कराड ते आमचं तालुक्याचं विटा तासाभराचा रस्ता. आमच्या गावात एकाच्याही कानावर ते आलं नाही. शिशाची विषबाधा १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या रोगांच्या यादीत अगदी पहिली होती, झाली तर सरकारला कळवावी लागते. पण माळ्यासकट तीन माणसांच्या आमच्या खोलीला कारखाना कोण म्हणतंय!

हे सगळं नानांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आरं, मी चाळीस वर्सं भट्टीवर बसलोय. मला चार पोरं झाली. तुलाच बरं शिसं लागलं?”

याला उत्तर काय द्यायचं? मी पुष्कळ विचार केला. एक तर शुक्राणू कमी होणं म्हणजे शून्य होणं नव्हे. नानांचं लग्न एकविसाव्या वर्षी झालं, भट्टीवर बसून चार वर्षं झाली होती. माझं लग्न झालं तोवर माझ्या अंगात दहा-अकरा वर्षांचा माल साठला होता. त्या काळी कचरा गाळायचं काम मागच्या उघड्या परसात व्हायचं. आता त्या परसावर चार मजली इमारत आहे आणि आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत, शेजारच्या शोरूमला वास जाऊ नये म्हणून खिडकी लावून बसतो. आणि नानांच्या हातात पेला का थरथरतो, काकूंचे दोन गर्भ पहिल्या पोराआधी का गेले, हे त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्याचं कारण शिसंच असेल असंही नाही. गावात त्याला तेव्हा करणी म्हणायचे.

नानांनी उपायही काढला. ओळखीच्या एका वैदूकडून पुड्या आणल्या. ‘ताकदीच्या’. पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं. मी वैदूला फोन लावून विचारलं तर त्यानं मोकळेपणानं सांगितलं, वंगभस्म आहे, नागभस्म आहे, वर थोडं अश्वगंधा. वंग म्हणजे कथील आणि नाग म्हणजे शिसं. दिवसभर भट्टीतून शिसं घ्यायचं आणि रात्री दुधातून पुन्हा तेच, पुरुषत्वासाठी! पुडी मी ठेवून दिली. आयुर्वेदाला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही, पण इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली होती. २००८ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात १९३ पैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आमच्यासारख्यांनी तरी भस्माच्या वाटेला जाऊ नये. लोहाची कमतरता भरून काढणं आणि पुरेसं कॅल्शियम खाणं याचा फायदा होतो, कारण पोट रिकामं आणि लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं. म्हणजे सकाळी उपाशीपोटी भट्टी पेटवायची आपली सवय अगदी उलट्या दिशेची.

शिसं बाहेर काढायची औषधं आहेत. मी आधी तीच मागितली. डॉक्टरनं नाही म्हटलं. ती फार वाढलेल्या आकड्यांसाठी असतात, आणि औषध घेत घेत त्याच धुरात बसणं म्हणजे उघड्या नळाखाली पुसत बसणं. आधी धूर बंद. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडातलं वर्षानुवर्षं झिरपत राहतं, म्हणून आकडा सुरुवातीला भराभर उतरतो आणि मग रेंगाळतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, बाहेर पडेपर्यंत आणखी दहा-बारा दिवस. तेव्हा तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासून काही कळत नाही.

दुकानात कचऱ्याचं काम बंद केलं. हे सांगायला एक ओळ, करायला घरात रण पेटलं. कचऱ्यातच खरी कमाई, दागिना आटवण्यात ग्रॅममागे काही पैसे सुटतात. बंगाली कारागीर पुढच्या बोळातल्या दुकानात गेले, तेही आपल्याच तालुक्यातले. भट्टीवर पत्र्याचं धुराडं आणि पंखा बसवला. नाना म्हणाले, पंख्यानं ज्योत हलते, टंचाला (सोन्याच्या कसाला) फरक पडतो. ज्योत हलते हे खरं आहे. मग पंखा वर सरकवला, बाजूला पत्र्याचे पडदे लावले. रुमाल तोंडाला बांधायची पद्धत सोडून दिली, धातूचा धूर इतका बारीक असतो की रुमालातून आरपार जातो. कारखान्यातल्यासारखा रबरी मुखवटा आणलाय, त्याला धुरासाठी एक फिल्टर आणि तेजाबासाठी दुसरं. कोईमतूरच्या उकाड्यात तो तासभर घातला की आत घाम साचतो, पोरं शिव्या देतात. झाडू बंद, फरशी ओल्या फडक्यानं. माळ्यावरच्या पोरांना वेगळी खोली घेऊन दिली. कपडे दुकानात बदलायचे, दुकानातच धुवायचे. तंबाखू मी सोडली. पोरांना सोडा म्हटलं नाही, ऐकणार नाहीत. साबणानं हात धुवून मळा, एवढंच सांगितलं. सिंकवर कपड्यांचा साबण आहे.

माझं शिसं आता ३३ आहे. संख्या १ कोटी १० लाख, पुढे सरकणारे २४ टक्के. शिशामुळेच बिघडलं होतं आणि शिसं उतरलं म्हणून सुधारलं, असं डॉक्टर छातीठोक म्हणत नाही. त्याचं म्हणणं, भट्टीची नुसती उष्णताही कारण असू शकते. वृषण शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड लागतात म्हणून तर ते बाहेर टांगलेले असतात, आणि आपण मांडी घालून हजार अंशाच्या भट्टीसमोर बसतो. तंबाखू सुटली तोही वाटा असेल. डाव्या बाजूला थोड्या फुगलेल्या शिरा आहेत, त्याही असतील. या चारांतलं कुठलं किती, हे माझ्या एकट्याच्या रिपोर्टवरून निघणार नाही. दिवाळीनंतर आययूआय (वीर्य नळीनं थेट गर्भाशयात सोडतात ते) करून बघू म्हणतोय. हिचं शिसं ४ वर आलंय, त्याचा मला जास्त आनंद आहे.

ओळखीच्या गलाईवाल्यांना मी आता फोन करून सांगतो. चार जणांनी तपासून घेतलं. तिघांचं ४० च्या वर. त्यांतल्या दोघांना पोरं आहेत, त्यामुळे त्यांना वाटतं आपलं काही बिघडलेलं नाही. शिसं रक्तदाब वाढवतं, मूत्रपिंडाला त्रास देतं, घरातल्या लहान पोरांच्या मेंदूवर सगळ्यात आधी उतरतं, हे सांगितल्यावर एकानं कपडे दुकानात धुवायला सुरुवात केली. चौथ्याचं १८, तो फक्त टंचमशीन चालवतो.

गेल्या महिन्यात गावाकडून एकांचा फोन आला. पोरगं बारावी झालंय, शिकायचं मन नाही, तुमच्याकडे घेऊन जावा. मी म्हटलं, अठरा पूर्ण झाल्यावर पाठवा, आणि निघायच्या आधी सांगलीत त्याच्या रक्तातलं शिसं मोजून कागद बरोबर द्या, म्हणजे पुढे इथं किती वाढतं ते कळेल. ते जरा वेळ गप्प राहिले.

“रक्त कशाला बघायचं? आमचं पोरगं तसलं न्हाई.”

कसलं नाही ते त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं. शिशाचं सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. बरं बघतो म्हणाले. पोरगं आता मदुराईला कामाला लागलंय असं परवा भावकीच्या ग्रुपवर कळलं. त्या दुकानात कचऱ्याचं काम जोरात आहे.